कंपनीने अर्धे शुल्क उचललेले पाळणाघर : सव्वा वर्षाचा अनुभव

फोंड्याहून पणजीकडे जाताना म्हार्दोळ-मंगेशीचा परिसर ओलांडला, की कुंडईच्या पठारावरील औद्योगिक वसाहत जवळ येते. या वसाहतीच्या तोंडाशी, एका जुन्या कौलारू घरात चालणाऱ्या पाळणाघरात माझी मुलगी गेले सव्वा वर्ष जात आहे. मी वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते. आमची कंपनी आणि शेजारच्या दोन लहान कंपन्या मिळून या पाळणाघरातील काही जागा वर्षभरासाठी राखून ठेवतात आणि प्रत्येक मुलामागे शुल्काचा अर्धा वाटा स्वतः भरतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाळणाघराचे नाव आणि नेमका पत्ता जाहीरपणे लिहू नये, असे आम्हा पालकांचे ठरलेले आहे, म्हणून तो येथे देत नाही. वसाहतीत नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारले तरी तो कळेल. ही सोय प्रत्यक्षात कशी चालते, तिच्यात काय चांगले आहे आणि काय राहून गेले आहे, हे तपशिलाने सांगावे अशी माझी इच्छा आहे. मुलाला कुठे ठेवावे या विवंचनेत असलेल्या आई-वडिलांना त्याचा उपयोग होईल, आणि ज्यांच्या हाती कारखान्यांचे निर्णय असतात त्यांनीही हे वाचावे असे मला मनापासून वाटते.

आधी पैशांचे सांगते, कारण बहुतेक घरांत निर्णय तेथेच अडतो. एका मुलासाठी पूर्ण दिवसाचे शुल्क महिन्याला ६,८०० रुपये आहे आणि त्यात नाश्ता, दुपारचे जेवण व संध्याकाळचे खाणे येते. माझ्या हातात पगार येतो तो २६,००० रुपये. घरभाड्याला, मुलाच्या शाळेला आणि स्कूटरच्या हप्त्याला वाट करून दिल्यावर ६,८०० रुपये दरमहा वेगळे काढणे आम्हा दोघांनाही शक्य नव्हते. कंपनी अर्धी रक्कम देते, त्यामुळे माझ्या वाट्याला ३,४०० रुपये येतात. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. कंपनी ही रक्कम थेट पाळणाघराच्या खात्यात जमा करते. आधी आपण भरा, पावती जोडा, अर्ज करा आणि दोन महिन्यांनी परत मिळण्याची वाट पाहा, असा प्रकार नाही. ज्याच्या हातात महिनाअखेरीस हजार-दोन हजार रुपये उरतात, त्याच्या दृष्टीने परतफेडीची सवलत आणि थेट भरलेला वाटा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या कंपन्यांना ही सोय सुरू करायची असेल त्यांनी पहिल्याच दिवशी हे लक्षात घ्यावे.

पाळणाघर एवढे महाग का, असा प्रश्न मलाही पडला होता. संचालिकाबाईंनी एकदा पालकांच्या बैठकीत वहीच उघडून दाखवली. तान्ह्या मुलांच्या खोलीत चार मुलांमागे एक सांभाळणारी ताई असते. तिला महिन्याला १४,००० रुपये दिले, तर एका मुलावर साडेतीन हजार रुपये नुसत्या तिच्या पगारापोटीच येतात. घराचे भाडे, वीज, दूध-भाजी, स्वयंपाकीण, साफसफाई आणि कोणी रजेवर गेले तर लागणारी बदली बाई हा खर्च त्यानंतर सुरू होतो. शुल्क कमी करायचे तर एका ताईच्या अंगावर आठ मुले टाकावी लागतील किंवा तिचा पगार तोडावा लागेल, आणि यातले काहीही झाले तरी त्याचा भार शेवटी मुलांवरच पडतो. आई-वडिलांना परवडेल तेवढे शुल्क आणि मुलांना नीट सांभाळता येईल एवढा खर्च यांच्यात एक दरी आहे, ती कितीही काटकसर केली तरी बुजत नाही. ती बुजवण्याची ऐपत आणि निकड दोन्ही ज्याच्याकडे आहे, असा तिसरा पक्ष म्हणजे नोकरी देणारा. आमच्या कंपन्या बारा जागांचे पैसे जागा भरलेली असो वा नसो, वर्षभर देतात. या हमीमुळेच येथील तायांना दर महिन्याच्या ५ तारखेला पगार मिळतो आणि सव्वा वर्षात त्यांच्यातली फक्त एक जण, तीही लग्न होऊन सिंधुदुर्गात गेल्यामुळे, सोडून गेली. तान्ह्या मुलाला रोज तेच हात आणि तोच आवाज मिळणे याचे मोल ज्यांनी मूल वाढवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष सांभाळण्याविषयी. पाळणाघर सकाळी पावणेआठला उघडते. दाराशी पायपुसण्याजवळ एक बाक आहे, त्यावर बसून मुलांच्या चपला काढायच्या, हात धुवायचे आणि मग ताईकडे मूल सोपवायचे, असा शिरस्ता आहे. मूल सोपवताना रात्री झोप कशी झाली, सकाळी काय खाल्ले, ताप-खोकला काही आहे का, हे तीन प्रश्न रोज विचारले जातात आणि उत्तरे प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र वहीत लिहिली जातात. संध्याकाळी तीच वही आपल्या हातात येते. माझ्या मुलीच्या वहीतील एका दिवसाची नोंद अशी आहे: ‘साडेनऊला तिजण (नाचणीची खीर), पाऊण वाटी. अकरा ते पावणेबारा झोप. दुपारी मुगाची आटवल (मऊ खिचडी) थोडी खाल्ली, भोपळा बाजूला काढला. शी एकदा, नेहमीसारखी. चारला केळे. खिडकीला धरून उभी राहिली, दोनदा.’ ती प्रथम उभी राहिली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, हे मला या दोन शब्दांतून कळले. मी ती वही त्या संध्याकाळी नवऱ्याला तीनदा वाचायला लावली. पालकांपैकी काहींचा आग्रह आहे की मोबाइलवर दिवसभर चित्र दिसेल असे कॅमेरे बसवावेत. खोल्यांत कॅमेरे आहेतच, परंतु त्यांचे चित्रण संचालिकेकडे राहते आणि तक्रार आल्यास दोन पालकांच्या उपस्थितीत पाहिले जाते. मला हीच पद्धत योग्य वाटते. हाताने लिहिलेल्या त्या वहीत ताईने मुलाकडे किती लक्ष दिले हे जसे उतरते, तसे मोबाइलच्या पडद्यावर उतरत नाही.

जेवण साधे आणि गोव्याच्या घरांत लहान मुलांना देतात तसेच असते: उकड्या तांदळाची पेज, आटवल, नाचणीचे तिजण, उकडलेला बटाटा, ऋतूप्रमाणे फळ. मासळी शिजवत नाहीत; ज्यांना द्यायची असेल त्यांनी काटे काढून डब्यात आणावी, ती गरम करून भरवली जाते. तायांची भाषा कोंकणी, गाणी कोंकणी आणि मराठी दोन्ही. मूल घेऊन जाणाऱ्याचे छायाचित्र आधी द्यावे लागते आणि त्या यादीत नसलेल्या माणसाकडे, तो सख्खा मामा असला तरी, मूल दिले जात नाही. माझ्या भावाला एकदा दारातून परत यावे लागले आणि तो रागावला, परंतु मला त्या दिवशी या जागेविषयी अधिकच विश्वास वाटला.

या सोयीतील सर्वांत मोलाचा भाग मात्र पाळणाघराच्या चार भिंतींत नसून आमच्या प्रयोगशाळेच्या शिफ्टच्या तक्त्यात आहे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने सवेतन रजा २६ आठवड्यांची केली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा, विश्रांतीची वेळ धरून, मुलाकडे जाण्याचा हक्क दिला. हक्क कागदावर असणे आणि तो वापरता येणे यांत किती अंतर असते, हे मला पहिल्या आठवड्यात कळले. प्रयोगशाळेतून बाहेर पडायचे म्हणजे एप्रन, टोपी, बुटांवरची आवरणे काढायची, आणि परत येताना हात धुऊन ते सगळे पुन्हा चढवायचे. यातच दहा मिनिटे जातात. पाळणाघर चालत सात मिनिटांवर. पाजायला वीस मिनिटे धरली तरी एका फेरीला पाऊण तास होतो. प्रत्येक वेळी वरिष्ठांच्या टेबलाशी जाऊन ‘सर, जाऊन येऊ का?’ असे विचारताना जीव अर्धा होत असे, आणि तिसऱ्या दिवशी मी दुपारची फेरी टाळली. चौथ्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावले आणि शिफ्टचा तक्ता समोर ठेवला. माझ्या नावापुढे साडेदहा आणि साडेतीनचे दोन रकाने त्यांनी हिरव्या पेनाने रंगवून ठेवले होते. औषधातील घटक वेगळे करून मोजणारे क्रोमॅटोग्राफीचे यंत्र एकदा नमुने लावून सुरू केले, की पुढचे काही तास ते आपले आपण चालते. तेव्हा नमुने दहाच्या आत लावायचे, मी गेल्यावर यंत्राकडे पाहायला कोण थांबेल ते नाव त्याच रकान्यात लिहायचे, आणि यापुढे विचारायला यायचे नाही, एवढेच ते म्हणाले. त्यानंतर मुलगी वर्षाची होईपर्यंत मी एकही फेरी चुकवली नाही आणि त्या काळात माझे एकही विश्लेषण उशिरा गेले नाही. कंपनीला त्या हिरव्या रकान्यांसाठी एक पैसाही खर्च आला नसेल.

मी हे एवढ्या आग्रहाने लिहिते, कारण मी याच्या उलट बाजूही अनुभवली आहे. माझा मुलगा २०१८ च्या पावसाळ्यात जन्मला तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात होते. तेथे दोनशेहून अधिक माणसे कामाला होती. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीवर ‘पाळणाघर’ अशी पाटी होती, दाराला कुलूप होते, आणि जाळीच्या खिडकीतून आत पुठ्ठ्याचे रिकामे खोके छतापर्यंत रचलेले दिसत. रजा संपवून मी परतले तेव्हा मुलगा पाच महिन्यांचा होता. त्याला फोंड्यात एका बाईंच्या घरी ठेवत असे. त्या पाच वाजता मुले परत देत आणि माझी शिफ्ट साडेपाचला सुटत असे. तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब अर्धा तास असे. दूध काढण्यासाठी मला जुन्या फायलींच्या खोलीत जावे लागे. तिला आतून कडी नव्हती, म्हणून एक मैत्रीण बाहेर पाठ टेकून उभी राही. मी मनुष्यबळ विभागात त्या कुलूपबंद खोलीविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘घरी आजी असेलच की!’ माझ्या सासूबाई सत्तरी तालुक्यात राहतात आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजूच्या बागायतीत त्यांचा दिवस उजाडतो व मावळतो. माझी आई अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांचे सगळे करते. आजीच्या हातालाही काम असते, तिचेही वय होते, आणि तिच्या कष्टाला कोणी वेतन देत नाही म्हणून तो वेळ कंपनीने गृहीत धरावा, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

कामावर परतल्यानंतर चौथ्या महिन्यात मी राजीनामा दिला. त्या कंपनीने मला शिकवण्यावर आठ महिने घालवले होते; औषधाच्या प्रयोगशाळेत विश्लेषकाला स्वतंत्रपणे अहवालावर सही करता येण्याआधी प्रत्येक पद्धतीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, चाचणी द्यावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. मी गेल्यावर ते सगळे वाया गेले आणि नव्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मी स्वतः तीन वर्षांहून अधिक काळ घरी राहिले आणि परतले तेव्हा माझ्याबरोबरचे सहकारी वरच्या हुद्द्यावर होते. मी मात्र पुन्हा कनिष्ठ जागेवर लागले. दरमहा तीन-साडेतीन हजारांचा वाटा उचलण्यात कंपनीचे काय भले, असे जे व्यवस्थापक विचारतात त्यांनी एका शिकलेल्या हाताच्या जागी दुसरा तयार करायला स्वतःच्या कारखान्यात किती महिने आणि किती पैसे लागतात, हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आमच्या सध्याच्या प्रयोगशाळेत पाळणाघर सुरू झाल्यापासून तीन जणी प्रसूतीनंतर परतल्या आणि तिघीही आज कामावर आहेत.

कायद्याची आणखी एक बाजू येथे सांगणे आवश्यक आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवे, असे होते. त्या मोजणीत बाप नव्हताच. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी हा निकष आणला, परंतु लहान कारखाने त्यातूनही सुटतात, आणि गोव्यातील औद्योगिक वसाहतींत वीस-पंचवीस माणसांचे कारखाने पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या दोन्ही कंपन्यांवर ही सक्ती नाही. तरीही त्या सहभागी झाल्या, कारण एकटीने पाळणाघर उभारणे जिला झेपले नसते तिला दोन-तीन जागांचे पैसे देणे सहज झेपते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये अशा सामायिक सोयीला स्पष्ट जागा दिलेली आहे: अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन, साधने एकवटून समान पाळणाघर चालवावे किंवा सरकार, नगरपालिका, खासगी अथवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराची सोय घ्यावी, याला ती मोकळीक देते. ‘आमच्याकडे जागा नाही’ आणि ‘आमच्याकडे मुलेच किती’ या दोन्ही सबबी त्यामुळे उरत नाहीत. वेर्णा, मडकई, बेतोडा, डिचोली, थिवी, सगळीकडे कारखान्याला कारखाना लागून आहे. एका वसाहतीत एक चांगले पाळणाघर आणि प्रत्येक कंपनीचा त्यात आपापल्या गरजेएवढा वाटा, ही व्यवस्था त्यांच्या आवाक्यातली आहे.

रजा आणि पाळणाघर यांचा सांधा मात्र नीट जुळत नाही, आणि येथे आम्हाला त्रास झाला. हे पाळणाघर सहा महिन्यांखालील मूल घेत नाही, आणि एवढ्या लहान बाळाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु २६ आठवड्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते आणि अनेकींना डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावीच लागते. मी तीन आठवडे आधी घेतली, म्हणून मुलगी पुरती साडेपाच महिन्यांचीही नव्हती तेव्हा माझी रजा संपली. मधले तीन आठवडे माझ्या नवऱ्याने स्वतःची साठवलेली रजा काढून मुलीला सांभाळले. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत अशी रजा कायद्याने मिळत नाही आणि नवऱ्याच्या पणजीच्या कार्यालयात तिचे नावही कोणी ऐकले नव्हते. पाळणाघराच्या शुल्कात वाटा देणाऱ्या कंपनीने मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत चार-पाच आठवडे घरून काम, अर्धा दिवस किंवा जोडून रजा यांपैकी काही दिले, तर हा खड्डा बुजेल. २०१७ च्या दुरुस्तीत कामाचे स्वरूप तसे असेल तर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद होती, पण प्रयोगशाळेतील काम घरी नेता येत नाही, म्हणून आमच्यासारख्यांसाठी वेगळा विचार हवा.

पावसाळ्याविषयी थोडे. कुंडईच्या पठारावर पाऊस कोसळतो तेव्हा जुन्या घरात ओल येते, हे खरे आहे. गेल्या जुलैत तान्ह्या मुलांच्या खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीवर बुरशी दिसली. आम्ही सांगितल्यावर दोन दिवसांत पाळणे दुसऱ्या खोलीत हलवले आणि भिंतीची दुरुस्ती झाली, परंतु ती आम्ही सांगण्याआधी व्हायला हवी होती. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे व दिवे चालतात. दुपटी वाळवायला मागच्या पडवीत दोऱ्या बांधल्या आहेत आणि अतिपावसात घरून जास्तीचे दोन जोड आणायला सांगतात. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की सरकार शाळांना सुट्टी जाहीर करते, पण कारखाने चालूच राहतात, आणि नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची त्या सकाळी जी धावाधाव होते ती ज्याने केली त्यालाच कळेल. हे पाळणाघर अशा दिवशीही उघडे असते, आणि राखीव जागा असलेल्या कर्मचाऱ्यांच्या दहा वर्षांपर्यंतच्या मोठ्या मुलांनाही त्या दिवसापुरते घेते. माझा मुलगा गेल्या पावसाळ्यात तीन दिवस तेथे बसून चित्रे काढत होता आणि मी माझ्या जागी निश्चिंतपणे काम करत होते. गणेशचवथीला पाळणाघर कारखान्याच्या सुट्टीएवढेच बंद राहते, आणि मेच्या सुट्टीतही चालू असते.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होते. सामान्य शिफ्टला ते पुरते. दुपारी दोन ते रात्री दहाच्या शिफ्टला त्याचा काहीच उपयोग नाही, आणि उत्पादन विभागातील अनेक जण त्याच शिफ्टमध्ये असतात. संचालिकाबाई रात्री साडेदहापर्यंत चालवायला तयार आहेत, परंतु त्यासाठी किमान सहा मुलांची हमी आणि तायांना रात्री घरी सोडण्यासाठी वाहन हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. ते रास्त आहे. कंपनीची बस त्याच रस्त्याने फोंड्याला जाते, तेव्हा हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

पहिले नऊ महिने शुल्कातील वाटा फक्त आयांना मिळत होता. आमच्या भांडार विभागातील एका सहकाऱ्याची पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात आणि मुलाला सकाळी सोडण्याचे काम तोच करतो. त्याने अर्ज केला तेव्हा ही सवलत महिलांसाठी आहे असे सांगून तो परत पाठवला गेला. देशपातळीवरील २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात, असे आढळले होते. जो बाप हे अंतर आपल्या घरापुरते कमी करू पाहतो, त्यालाच कंपनीच्या नियमाने मागे ढकलावे, हे चुकीचे होते. आम्ही चौदा जणांनी सही करून पत्र दिले आणि गेल्या वर्षअखेरीस नियम बदलला. आता आई किंवा बाप, कोणीही आमच्याकडे कामाला असेल तर वाटा मिळतो.

सर्वांत मोठी उणीव पॅकिंग विभागातील बायकांबाबतची आहे. त्या आमच्याच छपराखाली, आमच्याच औषधांच्या पट्ट्या खोक्यांत भरतात, परंतु ठेकेदाराच्या हजेरीपटावर असल्यामुळे त्यांना या सोयीत स्थान नव्हते. ज्यांचा पगार सर्वांत कमी त्यांनाच पाळणाघर सर्वांत दूर, अशी ही स्थिती होती. त्यांच्यापैकी एकीचा अडीच वर्षांचा मुलगा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे असे, आणि मुलगी त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवत असे. सरकारी अंगणवाडी तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना दिवसातले काही तासच घेते. प्रसूती लाभ कायद्यात स्त्री या शब्दाची व्याख्या थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत वेतनावर कामाला लावलेली स्त्री, अशी होती, हे आम्ही व्यवस्थापनाला दाखवले. दिल्लीत बांधकामाच्या जागेवरील मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस या संस्थेचे काम १९६९ सालीच सुरू झाले होते, हेही सांगितले. धुळीने भरलेल्या बांधकामावर जे जमले ते फरशी घातलेल्या कारखान्यात न जमण्याचे कारण नाही. कंपन्यांनी मिळून राखलेल्या बारा जागांपैकी तीन रिकाम्या होत्या आणि त्यांचे पैसे तसेही जात होते. अर्धे शुल्कही या बायकांना परवडणारे नव्हते, म्हणून त्या तीन जागांपुरता कंपनीने तीन चतुर्थांश वाटा उचलावा आणि १,७०० रुपये आईने भरावेत, अशी आमची मागणी होती.

गेल्या महिन्याच्या बैठकीत कंपनीने त्यांतील एक जागा सहा महिन्यांसाठी मान्य केली. त्या बाईंचा मुलगा मागच्या सोमवारपासून येऊ लागला आहे. पहिल्या दिवशी साडेदहाला मी मुलीला पाहायला गेले तेव्हा तो आपल्या चपला दोन्ही हातांत घट्ट धरून दाराजवळच्या बाकावर बसला होता आणि एक ताई त्याला न उठवता, त्याच्या शेजारीच बसून, पेजेचा चमचा त्याच्यासमोर धरून होती. शुक्रवारी चपला बाकाखाली होत्या. त्याची बहीण त्या आठवड्यात पाचही दिवस शाळेत गेली. उरलेल्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत आणि त्यांच्यासाठी पॅकिंगमधून सात अर्ज आलेले आहेत.